सुनेला दिलेला काढा

आमच्या गल्लीत कुणाचे डोळे पिवळे झाले की लोक दोन ठिकाणी जायचे. एक सरकारी दवाखाना आणि दुसरी मी. दवाखान्यात रांगेत उभं राहावं लागायचं, माझ्याकडं बसायला चटई असायची आणि सोबत आलेल्यांना चहा मिळायचा, त्यामुळं माझ्याकडंच जास्त माणसं. हे मिरवायला सांगत नाही. मिरवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पण पुढचं समजायचं तर आधी हे सांगणं भाग आहे.

कावीळ उतरवायला मला सासूबाईंनी शिकवलं. रविवारी सकाळी, उपाशीपोटी. आंब्याची साल वाटून तिचा रस हाताला चोळायचा, वाळू द्यायचा, मग काशाच्या थाळीवर हात धरून वरून चुन्याची निवळी ओतायची. थाळीत पिवळंधमक पाणी पडतं. बघणाऱ्याला वाटतं, कावीळच निघाली अंगातून. असे तीन रविवार. तेल बंद, हळद बंद, पिवळ्या रंगाचं काही खायचं नाही. तीन आठवड्यांत बहुतेक माणसं बरी व्हायची. ती तशीही बरी होणारच असायची, खराब पाण्यानं झालेली कावीळ आराम केला तर आपोआप उतरते, हे मला लई उशिरा कळलं.

खरं सांगायचं तर थोडं आधीच कळलं होतं. एकदा कुणी नसताना मी तो रस स्वतःच्या हाताला चोळला आणि निवळी ओतून बघितली. माझ्या धडधाकट हातावरूनही तेवढंच पिवळं पाणी पडलं. मी थाळी घासून पालथी ठेवली आणि कुणाला बोलले नाही. सासूबाईंचं शिकवणं खोटं कसं म्हणायचं, आणि लोक तर बरे होतातच आहेत, मग कशाला? गप बसायची मला सवय आहे. वरून मी बडबडी दिसते, म्हणून कुणाला ते कळत नाही.

मी शाळेत गेलेली बाई नाही. इथं लातूरलाच डाळ मिलमध्ये निवडणीला जायची. पुढ्यात डाळीचा ढीग, त्यातले खडे, काळे दाणे, किडके दाणे बोटानं बाजूला काढायचे आणि चांगली डाळ पुढं सारायची. पोत्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत वाचायला आलं. मुलगा शाळेत गेल्यावर त्याच्या पाटीवर लिहायला शिकले. तोच मुलगा आता इथल्याच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सकाळी सहाची बॅच, साडेपाचला तो घराबाहेर. घरात मग मी आणि सून.

सून अर्धापूरकडची. माहेरी केळीचे मळे. मला ती पहिल्या दिवसापासून आत्या म्हणते, नात्यानं मी तिची आत्या लागत नाही, पण आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. हसरी पोर. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या मागं मागं फिरून, "आत्या, हे कसं करायचं, आत्या, ह्याच्यात काय घालायचं," असं विचारायची. चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. ह्यावर ती कधी बोलायची नाही. मी बोलायची. तिच्याशी नाही, शेजारणींशी, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात. हेही लिहून टाकते, कारण पुढं मी जे केलं त्याच्या मुळाशी हेच होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ती थकायला लागली. भांडी घासता घासता मधेच खाली बसायची, बोटांचे सांधे दुखायचे, जेवण नको व्हायचं. माझ्या मनात भलतीच आशा आली. दिवस गेले असतील म्हणून मी चार दिवस गालात हसत फिरले. पाचव्या दिवशी उजेडात बघितलं तर डोळे पिवळे. मुलगा म्हणाला, दवाखान्यात नेतो. मी म्हणलं, साऱ्या गल्लीची कावीळ मी उतरवते आणि माझ्याच सुनेला तू दवाखान्यात नेणार व्हय? तो गप झाला. त्याला गप करणं मला जमतं.

पहिला रविवार झाला, दुसरा झाला. मधेच विहीणबाई लेकीला भेटायला आल्या, केळीचा भलामोठा घड घेऊन. मी दारातच सांगितलं की पथ्य चालू आहे, पिवळं चालत नाही.

विहीणबाई म्हणाल्या, "मग काय करू, परत जाऊन हिरवी आणू का?"

सून हसली. पिवळ्या डोळ्यांनी हसली, ते बघून विहीणबाईंचं तोंड उतरलं. तिसऱ्या रविवारी मी निवळी ओतत असताना सुनेनं थाळीकडं बघत विचारलं, "आत्या, एवढं पिवळं खाली पडून राहिलंय, मग डोळ्यातलं कमी का होईना?"

तिनं सहज विचारलं होतं, टोमणा मारायचा तिचा स्वभाव नाही. मी म्हणलं, जुनी असेल कावीळ, वेळ लागतो. त्या दुपारी विहीणबाईंनी जावयाला फोन केला आणि दोघांनी मिळून तिला नांदेडला नेलं. मला विचारलं नाही. बरं केलं.

नांदेडच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्या मुलाच्या वयाची होती. रक्ताच्या लई तपासण्या केल्या, सुईनं लिव्हरचा बारीकसा तुकडा काढून तपासला. मी नंतर बसनं गेले, अहमदपूर, लोहा करत. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावून सांगितलं. म्हणाल्या, आजी, ही कावीळ पाण्यातून आलेली नाही, कुणाची लागलेलीही नाही. रोगाशी लढायला अंगात जी प्रतिकारशक्ती असते, तीच हिच्या लिव्हरवर उठली आहे. आपलंच लिव्हर तिला परकं वाटतंय. अशानं लिव्हर कायमचं सुजत राहतं, आणि तसंच सोडलं तर एक दिवस ते दगडासारखं होऊन बसतं.

मला ते माझ्या पद्धतीनं समजलं. निवडणीला बसलेल्या बाईची नजर फिरली आणि ती खडे सोडून चांगली डाळच उचलून फेकायला लागली, तर काय होईल, तसं. मी हे बोलून दाखवलं तर डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, अगदी बरोबर. आणि बाई जितकी चपळ, तितकी डाळ जास्त वाया. म्हणून गोळ्या देऊन आम्ही तिचा हात जरा मंद करणार.

बघा, मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. कळलं होतं. दाखला माझाच होता.

त्यांनी पांढऱ्या बारीक गोळ्या लिहून दिल्या. पहिल्यांदा जास्त, मग सावकाश कमी करायच्या. तीन गोष्टी त्यांनी बजावल्या. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. झाडपाला, काढा, चूर्ण, काहीही न विचारता घ्यायचं नाही. आणि रोग पूर्ण शांत होऊन बरेच दिवस तसाच राहिला की मगच मुलाचा विचार करायचा, तोही त्यांना विचारून. पहिल्या दोन गोष्टींना मी मान हलवली. तिसरीला हलवली नाही.

गोळ्यांनी गुण आला. महिनाभरात डोळे पांढरे झाले, भूक लागायला लागली. पण तोंड फुगलं. गाल असे वर आले की हसली की डोळे दिसायचे नाहीत. गल्लीतल्या बाया मला आडून आडून विचारायच्या, सून चांगलीच बाळसं धरून राहिली, काही गोड बातमी का? ह्याचं उत्तर देताना मला चोरट्यासारखं व्हायचं. घरी येऊन मी त्या गोळ्यांच्या पाकिटाकडं वैऱ्याकडं बघावं तसं बघायची.

आमच्या मागच्या अंगणात कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी काढा उकळत होता तेव्हा लोक ती मागून न्यायचे. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, प्रतिकारशक्ती वाढवा. टीव्हीवर तेच, फोनवर तेच. आम्ही सगळ्यांनी प्यायला होता तो काढा, आणि आम्हाला काही झालं नाही. मग माझ्या डोक्यात एक हिशोब बसला. ह्या गोळ्या पोरीची ताकद मारून राहिल्यात. ताकद गेल्यावर अंग काय लढणार? मी एका बाजूनं थोडी ताकद घालत राहिले तर गोळ्या लवकर सुटतील, आणि गोळ्या सुटल्या की पाळणा. डॉक्टरीणबाईंचं सांगणं आणि माझं गणित एकमेकांच्या उलट होतं, हे दिसत असून मी बघितलं नाही. शक्ती वाईट असते हे माझ्या मनाला पटतच नव्हतं. जन्मभर अशक्तपणाच बघितलेला.

एका सोमवारी पूजा झाल्यावर, कपाळाला विभूती लावून, मी तिच्यापुढं पेला धरला.

ती म्हणाली, "आत्या, काढा नको म्हणल्या होत्या ना डॉक्टरीणबाई?"

मी म्हणलं, "ते बाजारचं गं. हे आपल्या अंगणातलं हाय. घरचं कुठं औषध असतंय?"

तिनं जरा वेळ पेल्याकडं बघितलं. मग डोळे गच्च मिटून पिली. कडूजहर असतो तो. मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि सांगितलं, त्याला सांगू नको, उगं डोकं खाईल आपलं. मुलगा तेव्हा क्लासमध्ये पोरांना शिकवत असायचा. दीड महिना हा नेम चालला. आधी पांढरी गोळी, मी माझ्या हातानं द्यायची, एक दिवस चुकवली नाही. मग घटकाभरानं काढा. गोळी द्यायची तेव्हा मला मी शहाणी वाटायची आणि काढा द्यायची तेव्हा अजून शहाणी.

मग एक दिवस सून जिना चढून आली आणि वरच्या पायरीवरच बसली. धाप लागलेली, ओठ पांढरेफटक. लघवी काळ्या चहासारखी होतेय म्हणाली. डोळे परत पिवळे, पण ह्या वेळी चेहराही मेणासारखा. मुलानं गाडी केली. मी मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. लोह्याच्या पुढं रस्ता खराब आहे, एकेका गचक्याला ती डोळे मिटायची.

नांदेडला रक्त तपासलं तर निम्म्याहून कमी झालेलं. बाहेर कुठं सांडलेलं नाही, आत कुठं साठलेलं नाही, मग गेलं कुठं? डॉक्टरीणबाईंनी मुलाला आणि मला बाहेर घेऊन सांगितलं, लिव्हरची सूज परत भडकली आहे आणि आता तिच्या अंगानं स्वतःच्या तांबड्या पेशींनाही परकं ठरवलंय. पोटात डाव्या बाजूला पानथरी असते, तिच्यात त्या पेशी फुटून राहिल्यात. नवीन तयार होतात त्याच्यापेक्षा जास्त फुटतात. रक्त चढवावं लागेल.

मुलगा रक्तपेढीत गेला. तासानं आला, परत गेला, परत आला. एकही पिशवी जुळत नव्हती. तिचा गट अगदी साधा, पिशव्याही भरपूर, पण कुठल्याही पिशवीतल्या रक्ताचा थेंब तिच्या रक्ताशी मिळवला की ते त्यालाही शत्रू समजायचं. माझा मुलगा, शेकडो पोरांना गणितं सोडवून देणारा, भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "माय, तिला कुणाचंच रक्त चालत न्हाई." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताला अजून गुळवेलीचा वास येतो की काय असं वाटून लगेच काढून घेतला.

शेवटी त्यातल्या त्यात कमी भांडणारी एक पिशवी निवडून, नर्सला शेजारी बसवून, थेंब थेंब करत चढवायला लागले.

आणि डॉक्टरीणबाई कागद घेऊन खाटेपाशी आल्या. मुलगा उभा, विहीणबाई अर्धापूरहून आलेल्या, त्या पायथ्याशी, मी उशाशी. एवढ्या चांगल्या आटोक्यात आलेल्या रोगानं अचानक उसळी का घेतली ते त्यांना शोधायचं होतं. ताप येऊन गेला का? नाही. दुसरी कुठली गोळी घेतली का? नाही. मग त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "काही झाडपाला, काढा, असं काही दिलं होतं का?"

मी म्हणलं, "न्हाई."

किती सहज आलं ते तोंडातून. विचारसुद्धा करावा लागला नाही. सुनेनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोसलं असतं. ती माझ्याकडं बघत होती, जसं एखाद्या कामाच्या आधी, हे कसं करायचं आत्या, असं विचारताना बघायची. मग तिनं छताकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी परत तेच प्रश्न. आता डॉक्टरीणबाईंना संशय आला की हिनं गोळ्या बुडवल्या असणार. तोंड फुगतं म्हणून तरुण पोरी लपून गोळ्या बंद करतात म्हणे, आणि मग रोग असाच उलटतो. मुलगा तिच्यावर चिडला. एरवी आवाज न चढवणारा, पण दोन रात्री बाकावर काढलेल्या. म्हणाला, आरशासाठी जीव देणार होतीस का? विहीणबाईंनी मला सुनावलं, आमच्या पोरीला गोळी दिली का न्हाई एवढं बघायला बी घरात कुणी नव्हतं व्हय? मी ताठ होऊन सांगितलं की रोज माझ्या हातानं दिली, एक दिवस चुकला नाही. खरं होतं ते. पण खरं बोलताना आपण किती खोटं असू शकतो ते मला त्या घडीला कळलं. कारण माझ्या त्या बोलण्यानं सगळे परत तिच्याकडंच वळले. म्हणजे तोंडात धरून नंतर थुंकत असणार, असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

मी तरी बोलले नाही. का, ते मी स्वतःला लई वेळा विचारलंय. भीती होती, मुलगा काय म्हणेल ह्याची. लाज होती, विहिणीपुढं. आणि आत खोल कुठंतरी हेही होतं, की काढ्यानं झालंच नसेल, मग कशाला उगं? थाळी पालथी घालून ठेवणारी तीच बाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई तिच्या खाटेच्या कडेला बसल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे बघ, मला खरं कळणं गरजेचं आहे. तू गोळ्या घेत होतीस आणि तरी हे झालं असेल, तर ह्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत आणि मला जास्त जोराचं औषध द्यावं लागेल. तू बुडवल्या असशील, तर त्याच गोळ्या पुन्हा सुरू करून भागेल. त्यामुळं सांग.

सुनेनं डोळे मिटले आणि म्हणाली, "हाव. बुडवल्या मी."

डॉक्टरीणबाईंनी सुटका झाल्यासारखा श्वास सोडला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठल्या. मुलानं कपाळाला हात लावला. तिनं एकही गोळी बुडवली नव्हती, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. माझ्यासाठी ती खोटं बोलली, आणि त्या खोट्यावर आता तिचं औषध ठरणार होतं. कमी पडणारं औषध. माझी लाज झाकायला पोर आपलं लिव्हर आणि रक्त दोन्ही द्यायला निघाली होती.

मी चप्पल न घालता बाहेर धावले. वऱ्हांड्यात डॉक्टरीणबाईंना गाठलं. मुलगा मागं आलाच, त्याच्या मागं विहीणबाई.

"बाई, ती खोटं बोलली. गोळ्या रोज घेतल्यात तिनं. मी काढा दिला. गुळवेलीचा. दीड महिना."

डॉक्टरीणबाई थांबल्या. आजूबाजूला रोग्यांची माणसं होती, ती पण बघायला लागली. त्या म्हणाल्या, "आजी, तीन दिवस झाले मी विचारून राहिले."

त्यांनी रोज किती द्यायची, कधी बंद केला, अजून काही घालत होते का, सगळं विचारून लिहून घेतलं. मी विचारलं, माझ्यामुळंच झालं का हे? खरं तर मला 'नाही' ऐकायचं होतं, आणि 'हो' पण ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "काढ्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. ह्या रोगाला स्वतःहून उसळायचीही खोड असते. पण ज्या प्रतिकारशक्तीला आम्ही गोळ्यांनी झोपवत होतो, तिला तुम्ही रोज सकाळी हलवून उठवत होतात."

म्हणजे फाशीही नाही आणि सुटकाही नाही. अजून मी त्याच्या मधेच आहे.

मुलगा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "माय, तू लातूरला जा." विहीणबाईंकडून मी चांगलंच ऐकायची तयारी ठेवली होती. ऐकण्यासारखं होतंच. पण त्या माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, आमच्यासाठी बी ती कधी खोटं बोलली न्हाई." ही शिवी होती की दुसरं काही, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या वळून आत गेल्या.

मी लगेच लातूरला गेले नाही. जायच्या आधी सुनेला भेटले. औषध बदललं होतं, सलाईन चालू होतं. मी खाली मान घालून खाटेपाशी उभी राहिले. माफ कर म्हणायचं ठरवून आले होते आणि तोंडातून भलतंच निघालं. मी विचारलं, "तू का म्हणलीस गं असं?"

ती म्हणाली, "तुम्ही न्हाई म्हणलाव, आत्या. मग मी काढ्याला हाव कसं म्हणू?"

ती दमून बोलत होती. तिच्या दृष्टीनं त्यात काही मोठं नव्हतं. सासू नाही म्हणाली की सुनेनं हो म्हणायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं? तिच्या आईनं थोडं, गल्लीनं थोडं, आणि चार वर्षं रोज मी. पेला पुढं केला तेव्हाही तिला डॉक्टरीणबाईंचं सांगणं आठवत होतं. तरी पिली. मी तिला काढा दिला ही माझी एक चूक. पण काढा नको म्हणता येणार नाही अशी सून मी घडवली, ही त्याच्या आधीची आणि जास्त मोठी.

जोराच्या औषधानं हळूहळू फरक पडला. पेशी फुटायच्या थांबायला काही आठवडे लागले, लिव्हर निवळायला महिने. माहेरी राहून मग ती लातूरला परत आली. तपासणीला दर काही आठवड्यांनी नांदेडला जातात दोघं, मी आता सोबत जात नाही. मूल होण्याच्या गोष्टीवर डॉक्टरीणबाई आता एवढंच म्हणतात, बघू. जे लवकर व्हावं म्हणून मी धडपडले, तेच मी लांब लोटलं. किती लांब, कुणी सांगत नाही, आणि विचारायचा हक्क मला राहिलेला नाही. मुलगा माझ्याशी बोलतो, पण जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच. कावीळवाले अजून दार वाजवतात. त्यांना मी दवाखान्याचा रस्ता दाखवते. चहा पाजते मात्र.

सून माझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर भांडून मोकळ्या झालो असतो. ती पूर्वीसारखीच आत्या आत्या करते, हसते. फक्त एक नवीन झालंय. मी तिच्या पुढं काही ठेवलं, पेज, वरण, साधं ताक जरी, तर तिचा हात भांड्याशी जाऊन थांबतो. पापणी लवावी एवढाच. मग ती उचलते आणि खाते. तिला ते स्वतःला कळत नसावं. मला कळतं.

पहिल्यांदा मी ते बघून आत जाऊन रडले. मग एक दिवस ठरवलं. आता मी ताट ठेवते तेव्हा मोठ्यानं सांगते, ह्याच्यात तांदूळ, मीठ, जिरं, आणि अर्धा चमचा तूप. ताकात फक्त मीठ. दुसरं काही न्हाई. रोज सांगते, दोन्ही वेळा. मुलगा समोर असला तरी सांगते, नसला तरी सांगते. सुरुवातीला ती संकोचली, असू द्या की आत्या, म्हणाली. मी म्हणलं, तू विचारत जा, आणि मी सांगितलेलं पटलं न्हाई तर खाऊ नको. नको म्हण. माझ्या तोंडावर म्हण.

मागच्या आठवड्यात मी तिच्यासाठी मेथीची भाजी केली, लसूण, मिरची, मूगडाळ असं म्हणत ताटात वाढली. तिचा हात थांबला. ती म्हणाली, "आत्या, आज मेथी नको वाटतीय मला."

मी ती भाजी माझ्या ताटात घेतली आणि तिला दही वाढलं. बरं वाटलं. एवढ्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदा नको म्हणलं होतं.